टूरच्या गाडीला कंपनीचाच सायलेन्सर बरा

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात फोटो आला होता, पोलिसांनी जप्त करून रस्त्यावर ओळीने मांडलेले बुलेटचे मोठ्या आवाजाचे सायलेन्सर आणि त्यावरून चाललेला रोडरोलर, बाजूला उभे असलेले पोलीस. फोटो बघून आमच्या चहाच्या कट्ट्यावर दोन तट पडले, एक म्हणतोय बरं झालं, झोप लागत नव्हती, दुसरा म्हणतोय पोरांचे दहा-दहा हजार चिरडले. मी दोन्ही बाजूचा आहे म्हणून पत्र लिहितोय. गेली पंचवीसेक वर्षं मोटरसायकलवर लांब फिरतोय, सध्या रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आहे, बीएस-६ (धुराच्या सरकारी नियमांचा सहावा टप्पा) मधली, आणि मी स्वतः त्या गाडीला बाहेरचा, म्हणजे कंपनीचा नसलेला सायलेन्सर लावून एक पावसाळा आणि एक हिवाळा काढलाय. जे भोगलं ते सांगतो, कारण सध्या नवीन गाडी घेतलेली पोरं पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधीच पाईप बदलायला निघतात आणि त्यांना कोणी नीट सांगत नाही.

आधी एक कबूल करतो. मला आवाज आवडतो. माझ्या मामांची गडहिंग्लजला जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट होती, उजव्या पायात गिअर, आणि ते कोपऱ्यावर वळले की आजी आतून म्हणायची, आला बघ दादा, चहा टाका. त्या आवाजात एक ठेका होता, एकेक ठोका वेगळा मोजता यायचा. पण लक्षात घ्या, तो आवाज कंपनीच्याच सायलेन्सरचा होता, मामांनी त्यात काहीच केलेलं नव्हतं. लांब स्ट्रोकचं सिंगल सिलेंडर इंजिन, जड फ्लायव्हील, कमी आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), त्यामुळं तो ठेका यायचा. आज पोरं बाहेरचा पाईप लावून तोच आवाज शोधतात आणि मिळतो तो फुटका बँडबाजा, कारण ठेका इंजिनात असतो, पाईप बदलून फक्त व्हॉल्यूम वाढतो.

आता माझं. गाडी घेऊन वर्ष झालं होतं, इथल्याच एका दुकानात गेलो, नाव लिहीत नाही. त्यानं सांगितलं, साहेब स्लिप-ऑन तर लावूच पण बेंडपाईप पण बदलू, त्यात कॅट असतो, तो गेला की गाडी मोकळी होईल, पिकअप बघा कसा येतो. स्लिप-ऑन म्हणजे फक्त मागचा सायलेन्सर, बेंडपाईप म्हणजे इंजिनपासून तिथपर्यंत येणारा वाकडा पाईप, आणि कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या महागड्या धातूंचा थर, आणि ती तापली की कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साध्या नायट्रोजनमध्ये करते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, नियम कडक झाले, त्यातलं मोठं काम ही जाळी करते. मला हे तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. पण "मोकळी होईल" या शब्दाला भुललो. दोन तासात गाडी तयार झाली, दुकानाच्या दारात रेस केली तर शेजारच्या झेरॉक्सवाल्याने वळून बघितलं, आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पहिल्या टूरलाच बरं वाटणं संपलं. कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, कणकवली, मालवण, असा दोन दिवसांचा बेत, मागे बायको, दोन्ही बाजूला कापडी सॅडलबॅग. गाव सुटून मोकळा रस्ता लागला आणि ऐंशी-नव्वदच्या स्पीडला, म्हणजे चार-साडेचार हजार आरपीएमला, एक घूं असा आवाज सुरू झाला जो कानात नाही, कवटीत वाजतो. यालाच लोक ड्रोन म्हणतात. शहरात तो कळतच नाही कारण तिथं आपण एका आरपीएमवर पाच मिनिटं पण राहत नाही, पण टूरिंग म्हणजे तर तेच असतं, एकाच स्पीडला तास न तास. आणि नेमकं या इंजिनचं टॉर्कचं, म्हणजे ओढीचं शिखर पण तिथंच, ४००० ते ४५०० च्या मध्ये, म्हणजे जिथं गाडी सगळ्यात छान पळते तिथंच डोकं सगळ्यात जास्त उठतं. गगनबावड्यात चहाला थांबलो तर बायको म्हणाली, तुमच्याशी बोलायला ओरडावं लागतंय, मी आता परत काही बोलणार नाही. आणि खरंच मालवणपर्यंत बोलली नाही. आमची निम्मी टूर म्हणजे गाडीवरच्या गप्पा असतात साहेब, ती गेली.

कानाचं पण सांगतो कारण याकडे आपल्याकडे कोणी बघतच नाही. ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही कानाची सहनशक्ती धरतात, आणि पुढं दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, असं. शंभरच्या स्पीडला हेल्मेटमध्ये नुसत्या वाऱ्याचाच आवाज नव्वदच्या पुढं जातो. म्हणजे पाईप शांत असला तरी आधीच आपण कानाच्या उधारीवर चाललोय. त्यात वर हा भोंगा लावायचा म्हणजे काय. रात्री मालवणला खोलीवर पडलो तर कानात रातकिडे ओरडत होते, दोन तास. मी आता इअरप्लग घालतो, मेडिकलमध्ये मिळतात ते फोमचे, स्टॉक म्हणजे कंपनीच्या पाईपवर सुद्धा घालतो.

दुसरं झालं ते करूळ घाट उतरताना. थ्रॉटल सोडला की फट फट फट. पोरांना हे आवडतं, गाडी फटाके मारते म्हणतात, पण ते होतं कशामुळं तर थ्रॉटल बंद केल्यावर थोडं पेट्रोल न जळता पाईपमध्ये जातं, पाईप नवीन बसवताना जॉइंटला गॅस्केट नीट नसेल तर तिथून बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते, आणि तापलेल्या पाईपमध्ये ते पेट्रोल पेटतं. म्हणजे तो आवाज गाडीची तक्रार आहे. (जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांवर पोरं चालत्या गाडीची चावी बंद-चालू करून मुद्दाम हे करायची, अजून करतात, त्यात तर कच्चं पेट्रोलच पाईपमध्ये साचतं आणि कॅट असेल तर त्याची जाळी जळून जाते.) घाटाच्या मध्यात एका वळणाला खण्ण असा आवाज आला. थांबून बघतो तर सायलेन्सरची पट्टी, जिनं तो फ्रेमला धरलेला असतो, ती बोल्टच्या भोकापाशी चिरलेली. कंपनीच्या पट्टीत रबरी बुश असतो, तो थरथर खातो. दुकानदारानं दिलेली पट्टी नुसती कापलेली लोखंडाची होती, बुश नाही. आणि पाईप एक इंचभर जास्त बाहेर आला होता म्हणून उजव्या बॅगेचं रेनकव्हर त्याला टेकून वितळलं होतं, काळं चिकट झालेलं, आणि आत बायकोच्या साडीला तळहाताएवढं भोक. तो वास अजून आठवतो. तारेनं बांधून कसाबसा कणकवलीत आलो, हायवेच्या कडेला एक वेल्डिंगवाले काका भेटले. त्यांनी गाडी बघितली, पाईपवर टिचकी मारली, आणि म्हणाले, अहो हा तुमच्या गाडीचा नाय, गाडीचा खय हा? मी म्हटलं घरी माळ्यावर. ते म्हणाले, मगे तो माळ्यावर कित्याक, ह्यो ठेवा माळ्यावर. पट्टीला मागून दुसरा तुकडा लावून रॉड मारून दिला, साठ रुपये घेतले.

घरी येऊन हिशोब केला. आधी मला ३२ च्या आसपास ॲव्हरेज मिळायचं, या टूरला २७. पिकअप वाढल्यासारखा वाटला होता, तो खरं म्हणजे आवाजच वाढला होता, आवाज वाढला की स्पीड वाढल्यासारखं वाटतं, नीट लक्ष देऊन बघितलं तर गगनबावड्याच्या त्याच चढाला तिसऱ्या गिअरमध्ये मला आधीपेक्षा जास्त थ्रॉटल द्यावा लागत होता. त्याचं पण कारण आहे. सायलेन्सर म्हणजे नुसती आवाज दाबायची डबी नसते. धूर बाहेर पडताना पाईपमधून दाबाच्या लाटा मागं-पुढं जातात, आणि कंपनीनं बेंडची लांबी, व्यास, आतले कप्पे असे जुळवलेले असतात की ठराविक आरपीएमला त्या लाटेनं सिलेंडर नीट रिकामा व्हावा. टूरिंगच्या गाडीत ते खालच्या आणि मधल्या आरपीएमला जुळवतात, कारण सामान आणि मागचा माणूस घेऊन चढ चढायचा असतो. बाहेरचे बहुतेक पाईप आत सरळ असतात, भोकाभोकाची नळी आणि तिच्याभोवती काचलोकर. त्यात झाला तर फायदा वरच्या आरपीएमला होतो, जिथं आपण टूरमध्ये जातच नाही. शिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनला पेट्रोल मोजून देणारा गाडीतला छोटा कॉम्प्युटर, जुन्याच पाईपचा हिशोब धरून पेट्रोल देत असतो. बेंडवरचा ऑक्सिजन सेन्सर एका स्पीडला चालताना थोडंफार सांभाळून घेतो, पण पूर्ण थ्रॉटल दिला की ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही, ठरलेल्या तक्त्यानं जातो, मग मिश्रण बिघडतं, इंजिन जास्त तापतं. मग दुकानदार म्हणतो, रिमॅप करा, म्हणजे ईसीयूचा तो तक्ता बदला, त्याचे वेगळे पैसे. आणि वॉरंटी तर तुम्ही पाना लावला तेव्हाच अडचणीत आलेली असते.

काचलोकरीचं एक सांगायचं राहिलं. वर्षभरानं मी तो पाईप मागून रिव्हेट काढून उघडला. नवीन असताना जी पांढरी, कापसासारखी होती ती काळी पडून, जळून, एका कोपऱ्यात मुठीएवढा गोळा होऊन बसली होती, बाकी पाईप रिकामा. म्हणजे असा पाईप दर हजार किलोमीटरला आपोआप मोठा मोठा वाजत जातो आणि मालकाला कळत पण नाही कारण रोज थोडं थोडं वाढतं. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये पत्र्याचे कप्पे असतात, आवाजाच्या लाटा एकमेकांवर आपटून मरतात, त्यात जळून जाण्यासारखं फारसं काही नसतं. जड असतो, हे खरं. पण १९९ किलोच्या गाडीवर दोन माणसं आणि पंचवीस किलो सामान टाकल्यावर दोन-तीन किलो वाचवून काय मिळतं मला सांगा.

लडाख-स्पितीला जाणारे एक कारण सांगतात, वर ऑक्सिजन कमी, गाडी दमते, मोकळा पाईप लावला तर बरं पडतं. मी स्पितीला जाऊन आलोय. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यापेक्षा जरासाच जास्त उरतो. सिलेंडरमध्ये मुळात हवाच कमी शिरते तर ती बाहेर पडायची वाट मोठी करून काय होणार. फ्युएल इंजेक्शनची गाडी हवेचा दाब मोजून पेट्रोल आपोआप कमी करते, तेवढं पुरतं. कुंझुम खिंडीच्या अलीकडं दगडात गाडी उजवीकडं आडवी झाली, स्टॉक सायलेन्सरच्या कव्हरला ओरखडा आला, बाकी काही नाही, उचलली आणि निघालो. तिथं पातळ पत्र्याचा पाईप चेपला असता तर वेल्डिंगवाले काका कुठून आणायचे.

"आवाज असला की ट्रकवाला बाजूला होतो, जीव वाचतो", हे पण नेहमी ऐकतो. सायलेन्सरचं तोंड मागं असतं. आवाज ज्यांना आपण ओलांडून गेलो त्यांना जास्त जातो. समोरच्या एसी केबिनमध्ये काच वर करून गाणी लावलेल्या ड्रायव्हरला तो तुम्ही अगदी बाजूला आल्यावर कळतो. हॉर्न पुढं वाजतो, लाईट पुढं पडतो, त्यासाठीच दिलेत ते.

आता कायद्याचं, कारण कट्ट्यावर यातच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणं मालकानं असा बदल केला तर प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि आवाज-धुराचे निकष मोडून रस्त्यावर गाडी चालवली तर कलम १९०(२), पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स अपात्र. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला कंपनीतून बाहेर पडतानाची आवाजाची मर्यादा २००५ पासून ८० डेसिबल होती, आणि ती ठरलेल्या पद्धतीनं, साडेसात मीटरवरून गाडी जाताना मोजायची. बॉक्सवर युरोपच्या मंजुरीचा ई-मार्क आहे म्हणून चालतं असं दुकानदार सांगतात, पण तो मार्क ठराविक मॉडेलसाठी आणि डीबी किलर (पाईपच्या तोंडात बसणारा, आवाज कमी करणारा तुकडा) आत असतानाचा असतो, आणि डीबी किलर तर आपली पोरं दुकानाच्या दारातच काढून खिशात टाकतात. पीयूसी पास झाली म्हणजे झालं असंही नाही, तिथं पेट्रोलच्या दुचाकीचा धूर तपासतात, आवाज तपासतच नाहीत.

माझी पोलिसांकडं आणि आपल्या पेपरकडं एक तक्रार आहे, ती पण छापा. रोडरोलरखाली गेलेला प्रत्येक सायलेन्सर कुठल्यातरी दुकानात उघड्यावर टांगलेला होता, बिल देऊन किंवा न देता विकलेला होता, पान्यानं बसवून दिलेला होता. बातमीत पोरगा येतो, त्याचा बाप ठाण्यात येतो, दुकान येत नाही. "इंदोरी", "पंजाबी" असं म्हणून हे पाईप भर बाजारात मागून घेता येतात. दुकानदारावर कारवाई झाल्याचं क्वचितच वाचायला मिळतं. दुसरं, नाक्यावर पाईप नुसता बघून, कंपनीचा दिसत नाही म्हणून, काढायला लावतात. मोजा ना. आवाज मोजायचं मीटर प्रत्येक नाक्यावर द्या, इंजिन ठराविक आरपीएमला ठेवून मोजा, आकडा पावतीवर लिहा. जुन्या गाड्यांचे कंपनीचे पाईप गंजून गेलेत आणि आता मिळत नाहीत, अशी माणसं आहेत, त्यांनी शांत पाईप बनवून लावला तर त्यालाही फटाक्याच्या रांगेत उभा करणं मला पटत नाही.

आणि ज्यांना बदलायचाच आहे त्यांना दादागिरी करून थांबवता येत नाही हे मला कळतं. त्यांना एवढंच सांगतो की बेंडला आणि कॅटला हात लावू नका, डीबी किलर काढू नका, पट्टीत रबरी बुश आहे का बघा, जॉइंटला नवीन गॅस्केट घाला, सॅडलबॅग लावून, मागं माणूस बसवून पाईपला काय टेकतंय ते दुकानातच बघून घ्या, आणि जुना सायलेन्सर "इथंच ठेवा, नंतर न्या" म्हणणाऱ्याकडं अजिबात ठेवू नका, कॅटमधल्या धातूला भंगारात भाव आहे.

मी शेवटी डिसेंबरात स्टॉक पाईप परत चढवला. त्यानंतर महिन्याभरानं पहाटे राधानगरीवरून फोंडा घाटाकडं निघालो होतो, दाजीपूरच्या अलीकडं धुक्यात रस्त्यावर काहीतरी मोठं हललं म्हणून गाडी हळू केली. गवे होते, सात-आठ, त्यात एक पिल्लू. मी चाळीसेक पावलांवर थांबून गाडी आयडलवर ठेवली, मग बंद केली. मोठ्या नरानं मान वळवून बघितलं, पांढरे मोजे घातल्यासारखे त्याचे पाय, नाकातून वाफ. पळाले नाहीत, अंगावर आले नाहीत, सावकाश एकेक करून उतारावर गेले. बायकोनं मागून खांद्यावर हात घट्ट धरला होता, ती कानात म्हणाली, हळू बोला. त्याच रस्त्यानं मी आधीच्या पावसाळ्यात तो भोंगा लावून गेलो होतो आणि मला माकड पण दिसलं नव्हतं.

आमच्या गल्लीत एक प्रसूतिगृह आहे, बाहेर शांतता क्षेत्राची पाटी आहे, शंभर मीटरची. पहाटे साडेचारला टूरला निघताना मी आता गाडी ढकलत नेत नाही, दारातच चालू करतो, कोणाची खिडकी उघडत नाही. तो बाहेरचा पाईप माळ्यावर पोत्यात आहे. तीन जणांनी विकत मागितला, एकानं सहा हजार देतो म्हटलं, पण घेणारा तो लावणारच म्हणून दिला नाही.

आमच्या पुतण्यानं दिवाळीत नवीन हिमालयन ४५० घेतली आणि लगेच मला विचारायला आला, काका कुठला पाईप लावू. त्याला हे सगळं सांगितलं, त्याला अर्धं पटलं. येत्या रविवारी तो माझ्याबरोबर गगनबावड्याला येतोय, जाताना त्याच्या मित्राच्या बाहेरचा पाईप लावलेल्या गाडीवर बसणार आहे, येताना स्वतःच्या स्टॉक गाडीवर, मग ठरवतो म्हणालाय.

कळावे,

आपला एक जुना वाचक,
कोल्हापूर